टेबलावरच्या स्पीकरसाठी किती पैसे मोजावेत?

वाचकाचं पत्र: मी घरूनच काम करते. दिवसाचे सहा-सात तास टेबलाशी जातात आणि काम करताना मला गाणं लागतंच. लॅपटॉपच्या आवाजाला कंटाळून आता ॲम्प्लिफायर आतच असलेले बुकशेल्फ स्पीकर घ्यायचं ठरवलं आहे, पण तीन जोड्यांवर येऊन अडकले आहे: एडिफायरचे आर१२८०डीबी, जेबीएलचे ३०५पी मार्क टू आणि केईएफचे एलएसएक्स टू. दुसऱ्या जोडीला पहिलीच्या साधारण दुप्पट पैसे पडतात, तिसरीला तर कितीतरी पट. माझं ऐकणं बहुतेक गायनाचं, थोडं वाद्यसंगीत, रात्री एखादा चित्रपट. टेबल भिंतीला लागून आहे, कान स्पीकरपासून अडीच-तीन फुटांवर. भिंतीपलीकडे शेजारी राहतात. माझा कान काही फार तयार नाही. जास्त पैसे दिले तर तो फरक मला ऐकू तरी येईल का?

उत्तर: येईल, नक्की येईल. मात्र पहिल्या जोडीवरून दुसरीवर जाताना जेवढा फरक कानावर पडेल तेवढा दुसरीवरून तिसरीवर जाताना पडणार नाही, आणि खरा खर्च आहे तो याच दुसऱ्या उडीत. म्हणून माझा कौल आधीच सांगून टाकतो. टेबलावर जागा पुरत असेल आणि तारा जोडायची तयारी असेल, तर जेबीएल घ्या. जागा पुरत नसेल किंवा फोनवरून ब्लूटूथने ऐकणं तुम्हाला सोडवत नसेल, तर एडिफायर घ्या आणि समाधानाने ऐका. केईएफ उत्तम आहे, पण तुमच्या वापरात त्याचे बरेचसे पैसे आवाजाबाहेरच्या सोयींना जातील.

तुमच्या पत्रातला अडीच-तीन फुटांचा आकडा मला सगळ्यात कामाचा वाटला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे तो तेवढा उतरत नाही, तरी हिशेबाची दिशा तीच राहते. दहा-बारा फुटांवर बसलेल्या माणसासाठी जो आवाज काढताना छोट्या स्पीकरला घाम फुटेल, तो तुम्हाला सहज मिळणार आहे. त्यामुळे वॅटच्या आकड्याची काळजी सोडून द्या. आर१२८०डीबी दोन्ही पेट्या मिळून ४२ वॅट देतो, ३०५पी एकेका पेटीला ८२. एकूण जवळजवळ चौपट. पण ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, चौपट केली की ६ डेसिबलने. आणि कानाला तो दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. हे आकडेसुद्धा आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचे, असतील तरच एकमेकांशेजारी ठेवावेत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले 'पीक' वॅट क्षणभराचे असतात.

मग दुसऱ्या जोडीला जास्त पैसे का द्यायचे? आतल्या मांडणीसाठी. एडिफायरमध्ये ॲम्प्लिफायर एकाच पेटीत असतो. तिथून साधी स्पीकरची तार दुसऱ्या पेटीला जाते आणि खालचे सूर वाजवणारा वूफर आणि वरचे वाजवणारा ट्वीटर यांच्यातली सुरांची वाटणी ॲम्प्लिफायरमधून आवाज निघाल्यानंतर होते. जेबीएलमध्ये ही वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधीच होते. खालचे सूर एका ॲम्प्लिफायरला, वरचे दुसऱ्याला, प्रत्येकी ४१ वॅट, आणि हे सगळं दोन्ही पेट्यांत स्वतंत्रपणे. वूफरला काय हवं आणि ट्वीटरला काय हवं ते पाहून वाटणी काटेकोर करता येते, पातळी नीट जुळवता येते. बाजारात दोन्ही प्रकारांना सर्रास 'ॲक्टिव्ह' म्हटलं जातं, म्हणून पेटी फिरवून मागची बाजू पाहावी. एका पेटीला विजेची वायर आणि दुसरीला नुसती दोन पदरी तार असेल, तर ती जोडी बहुधा एडिफायरच्या पद्धतीची असते. या पद्धतीतही चांगले स्पीकर होतात. पण दोन्हींत एवढ्याच किमतीचं अंतर असेल, तर मी वेगवेगळे ॲम्प्लिफायर असलेली जोडी निवडेन.

'माझा कान तयार नाही' हे तुमचं वाक्य मात्र मला मान्य नाही, आणि त्याला आधार आहे. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि १९९१पासून हार्मन कंपनीत, पुढे शॉन ऑलिव्ह यांच्यासोबत, स्पीकर दिसू न देता लोकांना ऐकवून पसंती विचारण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. ऑलिव्ह यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तयार कानाच्या आणि सामान्य श्रोत्यांनी स्पीकरची क्रमवारी साधारण सारखीच लावली. तयार कान अधिक ठामपणे आणि दर वेळी तेच उत्तर देत होते, एवढाच फरक. त्याआधी १९९४मध्ये या दोघांनी दाखवलं होतं की स्पीकर डोळ्यांसमोर असले की गुण बदलतात: दिसायला मोठा, देखणा, भारदस्त, त्याला झुकतं माप. जेबीएल ही हार्मनचीच कंपनी आहे, ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण कॅनडातलं काम त्याआधीचं आहे आणि निष्कर्ष एका कंपनीच्या फायद्याचा नाही.

त्यांना काय आढळलं ते खरेदीच्या वेळी फार उपयोगी पडतं. लोकांना समोरून सगळे सूर सारख्या पातळीवर देणारा स्पीकर आवडतो, आणि बाजूला जाणारा आवाजही त्याच चेहऱ्याचा असावा लागतो. कारण घरात आपण समोरचा आवाज एकटा कधीच ऐकत नाही. बाजूला गेलेला आवाज भिंतीवर आणि टेबलावर आपटून क्षणात कानाशी येतो. जेबीएलच्या ट्वीटरभोवती जो खोलगट आकार दिसतो तो यासाठीच आहे. वरचे सूर किती आणि कुठे पसरावेत हे तो ठरवतो. ट्वीटर सपाट फळीवर बसवलेल्या स्वस्त जोड्यांत नेमकं इथे बिघडतं. वूफर जिथे ट्वीटरच्या हाती सूत्रं देतो त्या पट्ट्यात बाजूचा आवाज एकदम रुंदावतो, आणि तो पट्टा गायकाच्या आवाजातली धार नि शब्दांची स्पष्टता जिथे असते तिथलाच असतो.

बासबद्दल, म्हणजे खालच्या सुरांबद्दल, तुम्ही काही विचारलेलं नाही, पण जाहिराती सगळ्यात जास्त इथेच फसवतात. माणसाच्या बोलण्याचा मूळ सूर पुरुषांत साधारण ८५ ते १८० हर्ट्झ आणि स्त्रियांत १६५ ते २५५ हर्ट्झच्या आसपास असतो. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची, बास गिटारची ४१. म्हणजे गायन ऐकायला ४ इंची वूफरही बऱ्यापैकी पुरतो. ५ इंची वूफर दिसायला इंचभरच मोठा, पण त्याचा पृष्ठभाग दीडपटीहून जास्त असतो, आणि ते महत्त्वाचं आहे. तितक्याच मोठ्या आवाजात सूर एक सप्तक खाली गेला की वूफरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. छोटा वूफर तिथे दमतो. ही उणीव झाकायला काही कंपन्या १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास मुद्दाम थोडा फुगवटा ठेवतात. बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या ध्वनिक्षेपणासाठी बनवलेल्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटरमध्येही (स्टुडिओत आवाज तपासायच्या स्पीकरला मॉनिटर म्हणतात) असा उंचवटा होता, आणि तो स्पीकर आजही लोकांना प्रिय आहे. थोडा फुगवटा गोड लागतो. जास्त झाला की प्रत्येक पुरुष गायक सर्दी झाल्यासारखा गातो.

खोक्यावरचा 'अमुक हर्ट्झपासून' हा आकडा वाचताना शेजारी किती डेसिबलची घट धरली आहे ते शोधा. यामाहाच्या एचएस५ या पाच इंची मॉनिटरचं उदाहरण घ्या. कंपनी दोन्ही आकडे देते: १० डेसिबलची घट चालवून घेतली तर तो ५४ हर्ट्झपर्यंत जातो, ३ डेसिबलचीच चालवली तर ७४पर्यंत. तोच स्पीकर, तीच पेटी. जेबीएल ३०५पीसाठी हेच आकडे ४३ आणि ४९ असे आहेत. आता एखाद्या स्पीकरवर नुसतं '५० हर्ट्झ' लिहिलेलं असेल आणि घट सांगितलेलीच नसेल, तर त्याची तुलना यांच्याशी कशी करणार? तो आकडा सोडून द्यावा आणि कानाने ऐकावं.

ऐकण्याचीही एक शिस्त आहे. ती पाळली नाही तर तुम्ही हमखास चुकीची जोडी घरी आणाल. दोन स्पीकरमध्ये जो किंचित मोठा वाजतो तो आपल्याला चांगला वाटतो. मोठा आहे म्हणून नव्हे, तर 'भरदार', 'स्पष्ट', 'मोकळा' अशा विशेषणांनी चांगला वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरक त्याला पुरतो. म्हणून आधी पातळी जुळवा. फोनवर आवाज मोजायचं एखादं फुकटचं ॲप घ्या आणि दोन्ही जोड्यांवर पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या सप्तकांत सारखी ताकद असलेला सळसळाट, लावा. फोन डोक्याच्या जागी धरून दोन्हींचा आकडा अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. ॲपचा आकडा खराखुरा बरोबर नसला तरी चालतं, दोन्ही वेळा फोन तोच आहे. बास-ट्रेबलची बटणं मधोमध ठेवा. शक्य असेल तर अदलाबदल दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा, तुम्ही पाठ फिरवून बसा.

मग तुमच्या रोजच्या ऐकण्यातलं काहीतरी लावा. साथ कमी असलेलं एखादं गायन. डोळे मिटल्यावर गायक दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये दिसला पाहिजे. खुर्ची फूटभर बाजूला सरकवा. गायक जवळच्या पेटीकडे ओढला जाईल, ते साहजिक आहे, पण त्याचा आवाज बदलता कामा नये. 'स' आणि 'श' विझले आणि गाणं कोंदटलं, तर बाजूच्या आवाजात गडबड आहे. तंबोऱ्याकडेही लक्ष द्या. जवारीचा झणकार खालपासून वरपर्यंत सलग हवा. मधलाच एखादा सूर उठून कानाला बोचत असेल, तर सहा तासांत तो तुमचं डोकं उठवेल. आणि तबला. वादक डग्ग्यावर तळव्याने दाब देऊन सूर वर-खाली सरकवतो ना, तो सरकता सूर बासची फार चांगली परीक्षा घेतो. चांगल्या स्पीकरवर तो एका रेषेत जातो. वाईट स्पीकरवर वाटेत एका जागी अचानक फुगतो, पुढे गायब होतो. हे ऐकायला शास्त्रीय संगीताची जाण लागत नाही, एकदा लक्ष गेलं की झालं.

या परीक्षेला घाई करू नका. पहिल्या दोन मिनिटांत चमकदार ट्रेबल आणि फुगलेला बास असलेला स्पीकर जिंकतो. दिवसभर चालवायच्या स्पीकरला मी ही जवळजवळ नापसंतीची खूण मानतो. अर्धा तास गाणं चालू ठेवा आणि हातातलं काम करा. तुमचा हात आपणहून आवाज कमी करायला गेला, तर त्या जोडीचा विचार सोडा.

आता केईएफ. २०२२मध्ये आलेल्या एलएसएक्स टूमध्ये ट्वीटर वूफरच्या बरोबर मध्यभागी बसवलेला आहे. कंपनी ही रचना १९८८पासून करत आली आहे. एवढ्या जवळून ऐकताना तिचा खरा फायदा होतो. साध्या दोन-तोंडी स्पीकरसमोर तुम्ही बसल्या जागेवरून उभ्या राहिलात की वूफर-ट्वीटरचा मेळ थोडा सुटतो, इथे तो टिकतो. पेटी छोटी, बांधणी देखणी, टेबल भिंतीला लागून असेल तर ॲपमधून त्याप्रमाणे आवाज बेतता येतो. वाय-फाय, ब्लूटूथ, एचडीएमआय, यूएसबी सगळं आत आहे. हे स्पीकर दिवाणखान्यात टीव्हीखाली जाणार असते, घरात तीन माणसं आपापल्या फोनवरून त्यावर गाणी लावणार असती, तर मी म्हटलं असतं की पैसे साठवा आणि हेच घ्या. तुमच्याकडे एक माणूस, एक लॅपटॉप, एक टेबल. आणि वूफर साडेचार इंचांचा, म्हणजे खालच्या सुरांचा नियम त्यालाही चुकत नाही. शिवाय नेटवर्कचं इलेक्ट्रॉनिक्स आणि ॲप ज्या वेगाने जुनी होतात त्या वेगाने वूफर जुना होत नाही. पेटीत जितकी हुशारी जास्त, तितकं तिचं आयुष्य कंपनीच्या अपडेटवर अवलंबून.

जेबीएल घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली जागा. पेटी साधारण १९ सेंटिमीटर रुंद, ३० उंच, २३ खोल आहे, आणि हवेचं तोंड मागे आहे, म्हणून भिंतीपासून वीतभर अंतर हवंच. पुठ्ठ्याचे या मापाचे दोन तुकडे कापून टेबलावर ठेवा आणि एक दिवस काम करून बघा. अडचण झाली तर विषय संपला. एडिफायरचं तोंड पुढे आहे आणि पेटी लहान आहे, त्यामुळे भिंतीजवळ तो कमी कुरकुर करतो. दुसरी गोष्ट म्हणजे जोडणी. ३०५पीला ब्लूटूथ नाही, रिमोट नाही, आरसीएची, म्हणजे टीव्हीमागे असतात तशी लाल-पांढरी, भोकंही नाहीत. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघून दोन मोठ्या पिनांमध्ये फुटणारी वायर लागेल, दोन्ही पेट्यांना वेगळी वीज लागेल, आवाजाची बटणं पाठीमागे आहेत म्हणून रोजचा आवाज लॅपटॉपवरूनच कमी-जास्त करावा लागेल. पेट्या बऱ्याचदा सुट्या विकल्या जातात. सांगितलेली किंमत एकीची की जोडीची ते विचारून घ्या. तिसरी गोष्ट बारीक सीस. स्टुडिओ मॉनिटर म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त स्पीकरमधून गाणं बंद असताना हलकी सीस येते. अडीच फुटांवर, रात्रीच्या शांततेत ती तुम्हाला जाणवते का, हे घरीच कळेल.

ब्लूटूथचा बाऊ करू नका, पण रात्रीच्या चित्रपटाला ते वापरू नका. आवाज ओठांच्या मागे पडतो. वायर लावली की प्रश्न मिटतो.

कोणतीही जोडी घेतलीत तरी टेबलावर कशी ठेवता यावर निम्मं काम अवलंबून आहे. पेट्या सपाट टेबलावर नुसत्या टेकवल्या की आवाज टेबलावरून उसळतो आणि पुरुषी आवाज जाडसर होतो. ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा. छोटे स्टँड घ्या किंवा खाली तिरका फोम ठेवून पेटीचं तोंड कानाकडे वळवा. पेट्या टेबलाच्या पुढच्या कडेजवळ आणल्या की त्यांच्यासमोर टेबलाचा मोकळा पृष्ठभाग कमी उरतो आणि मागे भिंतीशी अंतरही वाढतं, दोन्हींचा फायदा होतो. दोन पेट्या आणि तुमचं डोकं यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हावा. भिंतीमुळे बास घुमत असेल तर ३०५पीच्या पाठीवर तो दीड किंवा तीन डेसिबलने उतरवायचं बटण आहे, एडिफायरला बाजूला बासचं फिरवायचं बटण आहे. संकोच न करता वापरा. शेजाऱ्यांसाठीही तेच. भिंतीतून पलीकडे जातात ते खालचे सूर, गायकाचा आवाज फारसा जात नाही. म्हणून वेगळा सबवूफर तुम्ही आत्ता अजिबात घेऊ नका.

जोडी घरी आली की परत करायची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी करा. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असताना आणि काढलेला असताना ऐका. चार्जर लावल्यावरच गुणगुण येत असेल तर दोष स्पीकरचा नसून विजेच्या जोडणीचा आहे. लॅपटॉप आणि दोन्ही पेट्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन बघा, तरी राहिली तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मधे लावा. आणि खालपासून वरपर्यंत हळूहळू चढत जाणारा एकच सूर, ज्याला साइन स्वीप म्हणतात, मध्यम आवाजात एकेका पेटीवर स्वतंत्रपणे वाजवा. कुठे खरखर किंवा पत्रा थरथरल्यासारखा आवाज आला तर आधी टेबलावरचे पेनस्टँड, फ्रेम, काच उचलून पुन्हा ऐका. तरीही आवाज पेटीतूनच येत असेल तर ती पेटी बदलून मागा.